नव्या टीम लीडसाठी : सहकाऱ्यांच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी कुठून सुरू होते, कुठे थांबते

चांगलं काम करणाऱ्याला बढती मिळते आणि एका दिवसात त्याच्या हाताखाली सहा-आठ माणसं येतात. कामाचं वाटप कसं करायचं, रजा कशी मंजूर करायची, अप्रेझलचा फॉर्म कसा भरायचा हे कुणी ना कुणी दाखवून देतं. पण त्यातलंच एखादं माणूस समोर बसून "गेले काही दिवस सकाळी उठावंसंच वाटत नाही" म्हणालं, तर पुढे काय करायचं हे सहसा कुणी सांगत नाही. हा लेख अशा नव्या टीम लीडसाठी, सुपरवायझरसाठी किंवा दहा-पंधरा माणसांचा छोटा व्यवसाय चालवणाऱ्या मालकासाठी आहे.

असा प्रसंग क्वचितच येईल असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये कामाच्या वयातल्या प्रौढांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता. म्हणजे आठ जणांच्या टीममध्ये सरासरी एक. नैराश्य आणि चिंता या दोन कारणांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असंही हीच संघटना सांगते. तुमच्या टीममध्ये आज असं कुणी दिसत नसेल, तर बहुधा त्या माणसाने ते अजून कुणाला सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

### पायरी १ : आपली हद्द आखून घ्या

निदान करणं तुमचं काम नाही. "हिला डिप्रेशन असावं", "याला अँक्झायटी आहे वाटतं" असली वाक्यं मनातल्या मनातसुद्धा पूर्ण करू नका. एकदा शिक्का बसला की त्या माणसाचं साधं गप्प बसणंही लक्षण वाटायला लागतं. समुपदेशन करणं हेही तुमचं काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यावं अशी शिफारस त्यात आहे, पण ते प्रशिक्षण त्रासात असलेला माणूस ओळखण्याचं आणि त्याला योग्य मदतीपर्यंत पोचवण्याचं. उपचार शिकवण्याचं नव्हे.

मग तुमच्या हातात उरतं काय? भरपूर उरतं. कुणाला किती काम, कोणत्या वेळेत, कुणाबरोबर, किती आधी सांगून, हे सगळं तुम्ही ठरवता. डॉक्टरला यातलं काहीच ठरवता येत नाही. तो झोपेचं औषध देऊ शकतो, पण रात्री साडेअकराला तुम्ही पाठवलेला मेसेज थांबवू शकत नाही.

नवीन लीड इथे एका प्रश्नात अडकतात : हे बर्नआउट आहे की आजार? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. बराच काळ ताण नीट हाताळला न गेल्यामुळे ती येते आणि तिच्या तीन खुणा दिलेल्या आहेत : शक्ती संपून जाणं, कामापासून मन दुरावणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. नैराश्य मात्र ऑफिसच्या दारात थांबत नाही. ते घरात, सुट्टीत, आवडत्या गोष्टींतही सोबत असतं. हा फरक माहीत असावा म्हणून सांगितला. तुम्ही तो ठरवायला बसू नका. दोन्ही बाबतींत तुमची पहिली कृती एकच असते, आणि ती पुढच्या पायरीत आहे.

### पायरी २ : माणसाआधी कामाकडे बघा

बहुतेक ठिकाणी सुरुवात उलट्या टोकाने होते. ध्यानाचं सत्र ठेवलं जातं, एखादं ॲप विकत घेतलं जातं, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचं पोस्टर लागतं. त्या सत्राला जायला ज्याच्याकडे वेळ नसतो, नेमकी त्यालाच गरज असते. २०२४ मध्ये संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, माइंडफुलनेस, वेलबीइंग ॲप अशा वैयक्तिक उपायांत भाग घेतलेले आणि न घेतलेले कर्मचारी यांच्या स्वास्थ्यात जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. म्हणून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. पण कामाची रचना तशीच ठेवून माणसाला शांत राहायला शिकवलं की प्रश्न सुटत नाही, असं मानायला जागा आहे. माझं मत विचाराल तर पोस्टरचे पैसे वाचवा आणि एक जास्तीचं माणूस मागा.

कामाकडे बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने (कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य बघणाऱ्या सरकारी संस्थेने) यासाठी सहा बाबी ठरवल्या आहेत आणि नवख्या माणसाला त्या फार सोयीच्या पडतात : कामाचा बोजा, कामावरचं नियंत्रण, पाठबळ, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची पद्धत. टीममधल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन या सहा गोष्टींवर मनाशी पाच मिनिटं विचार करा. कुठेतरी अडखळायला होईलच.

यातलं नियंत्रण सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. काम खूप असणं आणि ते कसं करायचं याची मुभा नसणं, ही जोडी सर्वांत त्रासदायक असते, हे संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. तुम्हाला बोजा कमी करता येईलच असं नाही, वरून आलेलं टार्गेट तुमच्या हातात नसतं. पण मुभा वाढवणं बहुतेक वेळा तुमच्याच हातात असतं. दिवसातली कामं कोणत्या क्रमाने करायची, कोणत्या दोन तासांत फोन घ्यायचा नाही, कोणता अहवाल फक्त महत्त्वाच्या आकड्यांवर भागवायचा, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. शिफ्टमध्ये काम चालत असेल तर वेळापत्रक शक्य तितकं आधी द्या आणि आपसात शिफ्ट बदलायची सोय ठेवा. कॉल सेंटरमध्ये शिव्या खाल्ल्यानंतर पुढचा कॉल घेण्याआधी पाच मिनिटं उठून जायची परवानगी मागावी लागू नये. ती असावीच.

भूमिकेची स्पष्टता तपासायला एकच प्रश्न पुरतो : "तुझ्या मते या महिन्यात तुझं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं?" त्याचं उत्तर आणि तुमच्या मनातलं उत्तर जुळलं नाही, तर तो माणूस चुकीच्या कामावर जीव काढतोय आणि शाबासकीही मिळत नाहीये. दोन वरिष्ठांकडून परस्परविरोधी सूचना मिळणाऱ्यांची अवस्था याहून वाईट. तिथे त्या माणसाला "तू बघून घे" म्हणू नका. दुसऱ्या वरिष्ठाशी तुम्ही जाऊन बोला.

तासांचं काय? वरच्या साहेबांना मनाचं बोलणं पटत नसेल तर शरीराचं सांगा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडण्याच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त. एवढ्यावर सहसा चर्चा सुरू होते.

एक इशारा. त्रासाचं मूळ एखाद्या माणसाच्या वागण्यात असेल, म्हणजे अपमान, धमकावणं, लैंगिक छळ, जाणूनबुजून वगळणं, तर तो मानसिक आरोग्याचा कार्यक्रम करण्याचा विषय नाही, तक्रारीचा विषय आहे. छळ सोसणाऱ्याला समुपदेशकाकडे पाठवायचं आणि छळणाऱ्याला प्रोजेक्ट द्यायचं, हा प्रकार आजही चालतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ याविरुद्ध १९० क्रमांकाचा करार स्वीकारला तो याच कारणासाठी. तुमच्याकडचा कायदा आणि तक्रारीची रीतसर वाट कोणती, हे गरज पडण्याआधी माहीत करून घ्या.

### पायरी ३ : बदल टिपा

कोण अबोल आहे हे बघू नका. कोण अबोल झालं ते बघा. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच नेहमीच्या वागण्याशी करायची असते. वेळेवर येणारी उशिरा यायला लागली, मीटिंगमध्ये विनोद करणारा कॅमेरा बंद ठेवायला लागला, साध्या ईमेलवर चिडणं, तेच काम तीन तीनदा तपासणं, जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना टाळणं, सोमवारच्या रजा वाढणं. एखाद-दुसरा दिवस तर सगळ्यांचाच वाईट जातो. दोन आठवडे उलटूनही बदल तसाच असेल तर बोला.

एक खूण फसवी असते : जास्त काम करणं. रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन असणाऱ्या, रजाच न घेणाऱ्या माणसाचं कौतुक करण्याआधी विचार करा की त्याचं कामच उरकत नाहीये का. लक्ष लागत नसेल तर दोन तासांच्या कामाला पाच तास लागतात.

घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत बदल दिसणं कठीण. त्यावर उपाय म्हणून कीबोर्ड किती वेळ चालला हे मोजणारं सॉफ्टवेअर बसवू नका. विश्वास तर जातोच, आणि माणूस फक्त माउस हलवत राहायला शिकतो. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं प्रत्येकाशी वेगळं बोलणं याहून कितीतरी जास्त सांगून जातं.

### पायरी ४ : बोलायला बसा

नवीन लीडला इथेच सर्वांत जास्त भीती वाटते, म्हणून जरा तपशिलात.

जागा अशी निवडा जिथून आतलं काचेतून दिसत नाही. वेळ अशी की नंतर दोघांनाही लगेच कुठे पळायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी नको, कारण पुढचे दोन दिवस तो माणूस एकटाच त्या बोलण्याशी झुंजत बसेल. कॅलेंडरवर "महत्त्वाची चर्चा" असं लिहून बोलावू नका. नोकरी गेली असं समजून माणूस रात्रभर जागा राहतो. "कामाबद्दल जरा बोलू, काळजीचं काही नाही" एवढं पुरतं. आणि हे बोलणं अप्रेझलच्या बैठकीला जोडू नका. ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याच्यापुढे, पगारवाढीच्याच बैठकीत, कुणी मन मोकळं करत नाही.

सुरुवात तुम्हाला जे दिसलं त्यापासून करा, तुम्हाला जे वाटलं त्यापासून नको. उदाहरणार्थ :

"गेल्या तीन आठवड्यांत तुझे दोन रिपोर्ट उशिरा आले आणि मीटिंगमध्ये तू नेहमीसारखी बोलत नाहीस. म्हणून विचारतोय, कसं चाललंय? कामातलं काही जड जात असेल तर तेही सांग."

यात आरोप नाही, निदान नाही, आणि उत्तर कामापुरतं ठेवायचं की पुढे न्यायचं हे तिच्या हातात आहे. वयाने मोठ्या सहकाऱ्याशी बोलताना आणखी थोडी काळजी घ्या. "तुम्हाला काही त्रास आहे का?" याला हमखास "छे, छे" असं उत्तर येतं. "या नव्या वाटपात तुमच्यावर जास्त भार येतोय असं मला वाटतंय, तुमचं काय म्हणणं?" असं विचारलं तर बोलणं सुरू व्हायला सोपं जातं. धाकट्या वयाच्या वरिष्ठापुढे कमीपणा घ्यायला कुणालाच आवडत नाही.

मग गप्प बसा. खरंच गप्प. आठ-दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, ती भरून काढायचा मोह होतो आणि त्यात समोरच्याचं वाक्य बुडून जातं. माणूस बोलायला लागला की उपाय सुचवायची घाई नको. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा : "म्हणजे झोप लागत नाही, आणि सकाळच्या मीटिंगआधी छातीत धडधडतं. बरोबर समजलोय ना मी?" पुढचा प्रश्न : "आत्ता कशाची मदत झाली तर बरं वाटेल?" बऱ्याच वेळा उत्तर तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा लहान असतं. एखादी डेडलाइन चार दिवस पुढे, एका क्लायंटचे फोन दुसऱ्याकडे, सकाळची मीटिंग तासभर उशिरा.

काही वाक्यं तोंडातून सहज निघतात, ती गिळा. "सगळ्यांनाच टेन्शन असतं." "पॉझिटिव्ह राहा." "आमच्या वेळी याच्या दुप्पट काम होतं." "तू तर किती स्ट्राँग आहेस." शेवटचं वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, पण ते ऐकल्यावर त्या माणसाला पुढच्या वेळी कोसळायचीही सोय राहत नाही. आजाराचं नाव, औषधं, घरातली भांडणं विचारू नका. त्याने आपणहून सांगितलं तर ऐका, खोदू नका. तुमचा स्वतःचा किंवा मावसभावाचा अनुभवही सांगत बसू नका. त्या खोलीतली वेळ त्याची आहे.

आणि तो म्हणाला, "काही नाही, सगळं ठीक आहे"? तर ते मान्य करा. "बरं. दिसलं म्हणून विचारलं. कधीही वाटलं तर सांग, आणि पुढच्या आठवड्यात आपण कामाच्या वाटपाचं तेवढं बघूच." मग पुढच्या आठवड्यात ते खरोखर बघा. पहिल्याच भेटीत फार थोडे लोक बोलतात. तुम्ही दिलेला छोटा शब्द पाळता का, हे आधी तपासलं जातं.

### पायरी ५ : गुप्ततेचं वचन जपून द्या

"मी कुणालाही सांगणार नाही" असं बिनशर्त वचन देऊ नका, कारण काही वेळा ते मोडावं लागतं. त्याऐवजी माणूस सांगायला लागण्याआधीच म्हणा : "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत बोलवावी लागेल. आणि एचआरला काही सांगायची गरज पडली तर आधी तुला विचारेन."

नोंद ठेवायची असेल तर ठरलेल्या फेरबदलाची ठेवा, लक्षणांची नको. "सकाळची मीटिंग अकराला, सहा आठवड्यांसाठी, नंतर आढावा" एवढं पुरेसं आहे. "पॅनिक येतो" हे टीमच्या शेअर केलेल्या शीटमध्ये जायची गरज नाही. रजेच्या अर्जातलं कारण सगळ्यांना दिसतं का, तेही एकदा तपासा. अनेक रजा-प्रणाल्यांत ते दिसतं आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

### पायरी ६ : जिवाचा धोका वाटला तर

बोलण्यात "मी नसलो तरी कुणाचं काय अडणार आहे", "हे सगळं संपवून टाकावंसं वाटतं" असं काही आलं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा : "आत्महत्येचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, हा समज चुकीचा आहे. उलट अनेकांना कुणीतरी स्पष्ट विचारल्याचं हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं तर शांत राहा, वाद घालू नका, कुटुंबाची आठवण देऊन अपराधी वाटायला लावू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. तातडीच्या सेवेचा किंवा आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबर त्याच्यासमोरच लावा, त्याच्या विश्वासातल्या कुणाला तरी बोलवा. तो फोनवर किंवा ऑनलाइन असेल तर कॉल चालू ठेवून दुसऱ्या कुणाकरवी मदत पाठवा. गुप्ततेची अट इथे संपते आणि तेही त्याला सांगूनच करा.

हे नंबर आजच शोधून मोबाइलमध्ये साठवा. तुमच्या भागात कोणती सेवा कोणत्या भाषेत, कोणत्या वेळेत चालते हे त्या क्षणी शोधत बसायला लागू नये.

ऑफिसात अपघात, मृत्यू किंवा हल्ल्यासारखं काही घडलं तर सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय काय वाटलं ते सांगा" अशी सक्तीची बैठक घेऊ नका. अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या डीब्रीफिंगने नंतरचा मानसिक आघात टळत नाही, काहींना त्रासच होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ते टाळायला सांगते. मानसिक प्रथमोपचाराची तिची पुस्तिका २०११ मध्ये आली. त्यातलं सूत्र तीन क्रियापदांचं आहे : बघा, ऐका, जोडून द्या. कोण सुरक्षित आहे ते बघा, ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, आणि घर, डॉक्टर, रजा, माहिती अशा ज्या गोष्टीची गरज आहे तिच्याशी जोडून द्या.

### पायरी ७ : तज्ज्ञांपर्यंत पोचवा

"कुणाला तरी दाखव" हा सल्ला नुसता हवेत राहतो. कुणाला, ते माहीत हवं. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि ते औषधं देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर नेहमीचा फॅमिली डॉक्टरही चालतो. थायरॉइडसारख्या शारीरिक कारणानेही थकवा आणि उदासी येते, ते तो तपासतो.

कंपनीची कर्मचारी साहाय्य योजना (कर्मचाऱ्यांसाठी कंपनीने ठेवलेली समुपदेशनाची सोय) असेल तर तिच्याबद्दल दोनच गोष्टी आधी विचारून घ्या : किती भेटी मोफत आहेत, आणि कोण गेलं हे कंपनीला कळतं का. दुसऱ्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मिळेपर्यंत कर्मचारी ती योजना वापरत नाहीत, आणि ते शहाणपणाचंच आहे.

भेटीसाठी वेळ द्या, ती अर्ध्या दिवसाची रजा कापून नको. औषध सुरू झालं तर नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला सुस्ती किंवा मळमळ असू शकते. त्यामुळे "डॉक्टरकडे गेला ना, मग आता बरा झाला असेल" ही अपेक्षा पहिल्या महिन्यात ठेवू नका. मोठ्या यंत्रावर किंवा गाडीवर काम असेल तर सुस्तीबद्दल डॉक्टरचा सल्ला मागवा.

### पायरी ८ : कामात फेरबदल करा

इथे उदार आश्वासनांपेक्षा छोटी, स्पष्ट, लिहिलेली व्यवस्था उपयोगी पडते. काय बदलायचं, कधीपासून, कधीपर्यंत, आणि आढावा कोणत्या तारखेला. तारीख नसेल तर दोन्ही बाजूंना अवघड होतं. कर्मचारी विचारायला लाजतो, लीडला वाटतं की हे कायमचंच झालं.

काम काढून घेताना विचारून काढा. आवडीचं, प्रतिष्ठेचं काम "तुला आराम म्हणून" परस्पर दुसऱ्याला दिलं, तर माणसाला ती शिक्षा वाटते. कंटाळवाणं, घाईचं, लोकांशी भांडायला लावणारं काम आधी कमी करा.

काढलेलं काम कुठेतरी जाणारच. ते गुपचूप सर्वांत कामसू माणसाच्या ताटात पडतं आणि तीन महिन्यांनी तोच तुमच्यासमोर बसलेला असतो. त्यामुळे टीमला कारण न सांगता व्यवस्था सांगा : "पुढचे सहा आठवडे हे काम अशा पद्धतीने वाटलंय, आणि त्यासाठी अमुक काम आपण पुढे ढकलतोय." दुसरा अर्धा भाग सर्वांत महत्त्वाचा. काही पुढे ढकललंच नसेल तर तुम्ही फेरबदल केलेला नाही, ओझं सरकवलंय.

कामगिरीच खरोखर घसरली असेल तर? लपवू नका. माणसाला कळत असतंच. अपेक्षा काय आहे, ती आत्ता किती कमी केली आहे आणि कधी परत वाढेल, हे मोकळेपणाने सांगणं ही मदतच असते. आधी फेरबदल करा, त्यांना वेळ द्या, मग मोजमाप करा. आजारपणातले आकडे काढून थेट इशारापत्र देणं बऱ्याच देशांत कायद्यातही बसत नाही.

### पायरी ९ : रजा, आणि परत येणं

रजेवर जाण्याआधीच ठरवा : संपर्क किती वेळा, कुणी, कोणत्या मार्गाने करायचा. काहींना पंधरवड्याला एक फोन हवा असतो, काहींना फक्त मेसेज, काहींना काहीच नको. रजेत "फक्त एक फाइल कुठे आहे ते सांग" असे फोन करू देऊ नका. एकाने केला की सगळे करतात.

परत येण्याचा दिवस हा जाण्याच्या दिवसापेक्षा कठीण असतो. सर्वांसमोर काय बोलायचं, कुठे बसायचं, पाचशे न वाचलेल्या ईमेलचं काय करायचं. आधी एक फोन करून तीन गोष्टी मिटवा : सहकाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं हे त्याच्याच शब्दांत ठरवा, पहिल्या दिवसाचं नेमकं काम सांगा, आणि जुने ईमेल वाचायची गरज नाही, महत्त्वाचे मी वेगळे काढलेत, असं सांगा (आणि खरंच काढा). शक्य असेल तिथे तास टप्प्याटप्प्याने वाढवा : आधी अर्धा दिवस, मग आठवड्यातले काही पूर्ण दिवस, मग पूर्ण वेळ. बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात स्वतःला सिद्ध करायची घाई होते. त्यांना आवरायचं काम तुमचं.

तुमच्यावरही याचा भार पडतो. दुसऱ्याचं दुःख ऐकून घरी जाणारा लीड रात्री झोपत नसेल तर त्यानेही तीच मदत घ्यावी. नावं न घेता एखाद्या अनुभवी व्यवस्थापकाशी किंवा कर्मचारी साहाय्य योजनेतल्या समुपदेशकाशी बोला. आणि रजा घ्या, सगळ्यांना दिसेल अशी. लीड सुट्टीतही ईमेलला उत्तर देत असेल तर टीमने रजेच्या धोरणातून काय समजायचं ते टीम समजते.

### तुमची बदली झाली तर

हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं म्हणून वेगळं लिहितोय. तोंडी ठरलेले फेरबदल लीड बदलल्याबरोबर मोडतात. नवा माणूस येतो, "सगळ्यांना एकच नियम" म्हणतो, आणि सहा महिन्यांत सावरलेली घडी एका आठवड्यात विस्कटते. जायच्या आधी त्या सहकाऱ्याला भेटून विचारा : नव्या लीडला काय सांगायचं, ते कोण सांगणार, तुम्ही की तो स्वतः, आणि तिघं मिळून एकदा बसायचं का. त्याने "काहीच सांगू नका" म्हटलं, तर फक्त वेळेची आणि कामाच्या वाटपाची लेखी नोंद कारणाशिवाय पुढे द्या, आणि ती देताय हे त्याला आधी दाखवा.